आंब्याला तार काचलीय, झाड वाचेल का?

पत्र : नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. दारासमोर सासूबाईंनी लावलेला गावठी आंबा आहे, कोयीपासून उगवलेला, कलमाचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी आल्या की झोका याच्यावरच बांधतात. चारेक वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायला खोडाला जीआय तार गुंडाळली होती ती तशीच राहून गेली. आता तारेच्या वरचं खोड चारी बाजूंनी फुगलंय आणि खालचं बारीक राहिलंय. एका बाजूला तार सालीत पूर्ण गडप झाली आणि वरून साल मिटली, दुसऱ्या बाजूला तार दिसते, तिथली साल काळी पडून सुटायला लागली. मागच्या वर्षी आंबे इतके लागले की आम्ही खूश होतो, आणि यंदा पालवी बारीक, शेंड्याकडून फांद्या वाळून राहिल्या. शेणखत टाकलं, डीएपी टाकलं, रोज पाणी घालतो, फरक नाही. दीर म्हणतात, "आते काय ऱ्हायनं त्यामा, तोडी टाका." शेजारचे सर म्हणतात पाणी लाकडातून चढतं, साल दाबली तर काही होत नाही, दुसरा रोग असेल. तारेच्या खाली बुंध्याला तीन-चार फुटवे आलेत ते काढू का? माझं माहेर रावेरकडचं, तिकडे केळीला घड पडला की पट्टीने आवळून बांधतात, तिला तर काही होत नाही, मग आंब्यालाच का? आणि अजून एक, कपाशीवर मावा आलाय, पानं चिकट झालीत आणि खालची काळी पडताय, हा चिकटा येतो कुठून?

उत्तर : ताई, आधी फुटव्यांचं सांगतो कारण तिथे घाई झाली तर नंतर काही करता येणार नाही. ते फुटवे काढू नका, एकही नाही. शेळीच्या तोंडाला लागू नये म्हणून काट्या लावा हवं तर, पण ठेवा. या घडीला तुमच्या आंब्याच्या मुळांना थेट खाऊ घालणारं तेवढंच आहे आणि ते कसं ते खाली सांगतो.

आता सरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, पाणी लाकडातूनच चढतं. शाळेच्या पुस्तकात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या असे दोन शब्द होते आठवत असतील, बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले, पण तुमच्या दारातला सगळा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दात आहे. जलवाहिन्या लाकडात असतात, त्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या, मुळांकडून पाणी आणि क्षार वर नेतात, आणि तार काही लाकूड दाबू शकत नाही म्हणून पाणी वर चढत राहिलं, झाड हिरवं दिसत राहिलं. रसवाहिन्या मात्र सालीत असतात, बाहेरच्या खडबडीत सालीत नाही, तिच्या आत लाकडाला चिकटून जो ओलसर पातळ थर असतो ना, नखाने खरवडलं की हिरवट-पांढरं दिसतं, त्यात. पानांनी उन्हात बनवलेली साखर या थरातून झाडभर फिरते आणि मुळांपर्यंत पोचते. मुळं अंधारात असतात, त्यांना स्वतःचं अन्न बनवता येत नाही, त्यांचं सगळं पोट पानांवर. खोड दरवर्षी जाड होत गेलं आणि तार आहे तेवढीच राहिली, मग लाकूड आतून रेटतंय आणि तार बाहेरून आवळतेय यांच्यामधे चेंगरला कोण तर हाच थर.

म्हणजे पाणी वर जातंय पण अन्न खाली येत नाहीये, आणि असं झालं की झाड लगेच मरत नाही हीच फसवणारी गोष्ट आहे. मोठ्या झाडाच्या मुळांमधे स्टार्चचा साठा असतो, त्यावर मुळं काही महिने, कधी कधी दोन-तीन वर्षंसुद्धा तग धरतात. साठा संपत आला की आधी बारीक पांढरी मुळं मरतात, पाणी ओढणारी खरी मुळं तीच, आणि ती गेली की वर शेंड्याला पाणी कमी पडतं, पालवी बारीक येते, फांद्या टोकाकडून वाळतात. लोकांना रोग शेंड्याला दिसतो म्हणून फवारणी शेंड्यावर करतात आणि उपासमार चाललीये ती जमिनीखाली.

तो जो वर फुगवटा आलाय तो याचाच पुरावा आहे. पानांकडून साखर खाली येतेय, तारेपाशी अडतेय, तिच्याबरोबर वाढीची संप्रेरकंही येऊन तिथेच साठताहेत, त्यामुळे तारेच्या वरच्या पेशी भराभर वाढतात आणि खालच्या भागाला काहीच मिळत नाही म्हणून तो बारीक राहतो. हे माणसाने फार जुन्या काळी पाहून ठेवलंय. सतराव्या शतकात इटलीत मार्सेल्लो माल्पिगी नावाचे डॉक्टर होते, माणसाच्या शरीरातल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिल्या तेच, त्यांनी झाडाच्या सालीचं कडं गोल काढून पाहिलं आणि बघितलं की जखमेच्या वरची कड फुगते, खालची नाही. त्यांनी त्यावरून अंदाज बांधला की पानात तयार झालेलं पोषण सालीतून खाली उतरत असणार. पुढे १८३७ मधे जर्मनीत थिओडोर हार्टिग यांना सालीतल्या त्या खास नळ्या दिसल्या, ज्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी भोकं असतात.

आणि खान्देशातल्या माणसाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे साखर सालीतूनच जाते हे पक्कं करण्यात मोठा वाटा आपल्या ओळखीच्या पिकाचा आहे, कपाशीचा. १९२८ साली वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला मेसन आणि मॅस्केल या दोघांनी कपाशीच्या झाडांवर काम केलं, दिवसा आणि रात्री दर थोड्या वेळाने पानातली, सालीतली आणि लाकडातली साखर मोजत गेले. पानात साखर वाढली की मागोमाग सालीत वाढते, पानात उतरली की सालीत उतरते, आणि सालीचं कडं काढलं की खाली जाणारी साखर थांबते असं त्यांना दिसलं. आपण कपाशीकडे बोंड आणि भाव एवढ्याच नजरेने बघतो, पण जगातल्या सगळ्या झाडांचं अन्न कसं फिरतं हे समजायला कपाशीच उपयोगी पडली, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता ही साखर पुढे सरकते कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचा सल्ला पटणार नाही म्हणून थोडं सहन करा. १९३० मधे अर्न्स्ट म्युंश या जर्मन शास्त्रज्ञांनी जे मांडलं ते आज बहुतेक सगळे मान्य करतात, आणि तुमच्या शेतात ठिबक असेल तर समजायला दोन मिनिटं लागणार नाहीत. ठिबकच्या नळीत पाणी का पळतं, तर मोटारीकडे दाब जास्त आणि ड्रीपरकडे कमी. झाडात मोटार नाही, तिथे दाब साखर तयार करते. पानातल्या पेशी साखर जोर लावून रसवाहिनीत भरतात, आपण चहात टाकतो तीच साखर, सुक्रोज, आणि ती इतकी भरतात की रस १० ते २५ टक्के साखरेचा होतो. साखर दाट झाली की शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आपोआप आत ओढलं जातं आणि नळीत दाब तयार होतो, ठिबकला आपण साधारण १ किलो दाब ठेवतो ना, पानाजवळच्या रसवाहिनीत तो १० किलोच्या आसपास जाऊ शकतो. दुसऱ्या टोकाला मूळ असेल, फळ असेल, नवी पालवी असेल, ते साखर काढून घेतात, साखर गेली की पाणीही बाहेर पडतं आणि तिथला दाब उतरतो. एकीकडे दाब जास्त, एकीकडे कमी, रस चालायला लागला. वेग साधारण तासाला अर्धा ते एक मीटर, काही झाडांत त्याहून जास्तही. म्हणजे तुमच्या आंब्याच्या शेंड्याच्या पानाने सकाळी बनवलेली साखर रस्ता मोकळा असता तर दुसऱ्या दिवशीपर्यंत मुळाशी पोचली असती. रात्रीही हे थांबत नाही, दिवसा पानात साठवलेला स्टार्च रात्री मोडून साखर पाठवणं चालूच असतं.

यातून एक गोष्ट निघते ती नीट लक्षात घ्या. अन्न फक्त खाली जातं असं नाही. जिथे तयार होतं तिथून जिथे लागतं तिकडे जातं, मग ते वर असो की खाली. आंब्याची नवी तांबूस लुसलुशीत पालवी असते ती सुरुवातीला काही देत नाही, उलट घेते, अर्धीअधिक मोठी होऊन हिरवी झाली की मग द्यायला लागते. मोहोर घेतो, फळं तर सगळ्यात जास्त ओढतात. आणि साधारणपणे वरची पानं शेंड्याला आणि जवळच्या फळांना देतात, खालची पानं मुळांना. म्हणून तुमच्या बुंध्याचे फुटवे इतके मोलाचे, ते तारेच्या खाली आहेत, त्यांच्या पानांतली साखर कुठेही न अडता सरळ मुळांत उतरते. आणि झाड कोयीचं आहे म्हणजे फुटवेही त्याच आंब्याचे, कलमाचं झाड असतं तर खालचे फुटवे खुंटाच्या जातीचे निघाले असते. उद्या समजा वरचं झाड नाहीच वाचलं तरी त्यातला एक जोमदार फुटवा वाढवून सासूबाईंचाच आंबा पुन्हा उभा राहतो, तीच जात, तीच चव.

मागच्या वर्षी आंबे जास्त का आले तेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. खाली जायची साखर वरच अडली, फांद्यांना भरपूर मिळाली, मोहोर जोरात आला. नाशिककडे द्राक्षवाले गर्डलिंग करतात ते नेमकं हेच, सालीची अगदी बारीक चकती काढतात म्हणजे काही आठवडे साखर वर घडांना मिळते आणि मणी फुगतात, पण ती जखम इतकी अरुंद ठेवतात की थोड्याच दिवसांत भरून येते आणि मुळांचं जेवण परत सुरू होतं. डाळिंबाची, लिंबाची गुटी बांधतात त्यातही साल गोल काढून वर ओलं शेवाळ गुंडाळतात आणि मुळं फुटतात ती वरच्या कडेला, कारण साखर आणि संप्रेरक तिथे साठलेली असतात. तर एखादं झाड काही कारण नसताना अचानक लदबदून लागलं तर खूश व्हा पण एकदा खोडाकडे वाकून बघा, कुठे तार, दोरी, साखळी, म्हशीच्या दाव्याचा घासा, सायाळीने किंवा उंदराने कुरतडलेली साल तर नाही ना. गावात हे कुणी बघत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्याच वर्षी तार काढली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता खत-पाण्याचं. डीएपी तुम्ही प्रेमाने टाकलं हे मला कळतंय पण मुळांना खत उचलायला ताकद लागते आणि ती ताकद साखरेतूनच येते, उपाशी मुळं खत घेऊ शकत नाहीत, ते नुसतं मातीत पडून राहतं आणि जास्त झालं तर नाजूक मुळांना चटका देतं. रोजचं पाणीही बंद करा. आपली काळी जमीन, त्यात श्रावणातला पाऊस, अशक्त मुळं सतत ओल्यात राहिली की हवा मिळत नाही आणि कुजतात. पावसाने उघडीप दिली आणि वरची दोन-तीन इंच माती कोरडी झाली तरच पाणी द्या, तेही बुंध्याला चिकटून नाही, फांद्यांच्या घेराखाली. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा पण खोडाला टेकवू नका.

तारेचं काय करायचं. तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की ती वाचून मला बरं वाटलं, एका बाजूला तार गडप होऊन साल वरून मिटलीय. तिथे तारेच्या बाहेरून नवीन साल एकमेकीला जाऊन मिळाली असेल तर त्या नव्या सालीत नव्या रसवाहिन्या तयार झालेल्या असतात आणि अन्न तेवढ्या वाटेने खाली उतरत असणार, झाड चार वर्षं टिकलं त्याचं एक कारण तेच असेल. म्हणून त्या बाजूला छिन्नी-पकड घेऊन तार उकरायला जाऊ नका, बरेच लोक हौसेने उकरतात आणि जी वाट उघडी होती तीही स्वतःच्या हाताने तोडतात. आत गेलेली तार आतच राहू द्या, ती लाकडात गुरफटून जाईल. दुसऱ्या बाजूला जी तार दिसते ती मात्र चांगल्या कटरने कापा, दोन-तीन ठिकाणी, आणि जेवढे तुकडे सहज निघतील तेवढे काढा. ओढून ताणून नाही.

मग नखाने किंवा धारदार चाकूच्या टोकाने तारेच्या खाली चारी बाजूंनी अगदी हलकं खरवडून बघा. ओलसर हिरवट दिसलं तर साल जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर मेली. एवढ्याशा खरवडण्याने झाडाला काही होत नाही, रसवाहिनी फुटली की झाड काही क्षणांत प्रथिनांनी आणि नंतर कॅलोज नावाच्या पदार्थाने तिची भोकं बुजवतं म्हणजे रस वाहून जात नाही. पण खरवडायचं ते ठिपक्याएवढं, गोल कडं करू नका, नाहीतर तारेचं काम आपणच पूर्ण करू. काळी सुटलेली साल जिवंत भागापर्यंत स्वच्छ कापून काढा आणि मेलेल्या भागावर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी या मापाने, घरापुरती करायची तर त्याच्या दहाव्या हिश्श्याने करा, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी बादली नको. जिथे कलम जोडायचं ठरेल तेवढी जागा सोडून लावा.

हो, कलम. खोडाचा निम्म्याहून जास्त घेर मेलेला निघाला तर नुसतं थांबून चालणार नाही, अन्नाला नवीन वाट करून द्यावी लागेल आणि ती करता येते. एक रीत अशी की त्याच आंब्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड निरोगी काड्या घ्यायच्या, जखमेच्या उंचीपेक्षा थोड्या लांब, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासायची आणि एक टोक जखमेखालच्या जिवंत सालीत, दुसरं वरच्या जिवंत सालीत सरकवून बारीक चुका मारून पक्कं करायचं, वरून मेण किंवा कलमाची पट्टी. काडीचा वरचा भाग वरच राहिला पाहिजे, उलटी लागली तर टिकत नाही. दुसरी रीत आंब्याला मला जास्त भरवशाची वाटते, ती म्हणजे भेट कलमाची. बुंध्याजवळ आंब्याच्या कोयींची दोन-तीन रोपं लावायची, ती मुळं धरून पेन्सिलीएवढी झाली की त्यांचा शेंडा तिरका तासून मोठ्या खोडाच्या फुगवट्याच्या वर जिवंत सालीखाली बसवायचा आणि बांधायचा. जुळून आलं की वरची साखर त्या रोपांच्या सालीतून खाली उतरते आणि मोठ्या झाडाला नव्या दमाची मुळंही मिळतात. तुमच्याच फुटव्यांपैकी एखादा सरळ आणि उंच असेल तर तोच असा वर जोडता येतो, मग रोप लावायची वाटही बघायला नको, हे तर फारच उत्तम. पावसाळ्यात हवा दमट असते, साल सुटते, म्हणून हे काम आत्ताच्या दिवसांतलं आहे, थंडी पडल्यावर किंवा आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात करायला गेलात तर जोड वाळून जाईल. स्वतः केलं नसेल तर जवळच्या नर्सरीत कलमं बांधणारा माणूस बोलवा, त्याला म्हणा खोडाला भेट कलम करायचंय, त्याला लगेच कळेल.

वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढा, हिरव्या छाटू नका. छाटणीने झाड हलकं होतं असं म्हणतात पण साखर बनवणारी पानंच कमी केली तर मुळांना द्यायला काय राहणार. येत्या हिवाळ्यात मोहोर आला तर जड मनाने का होईना खुडून टाका, एक वर्ष आंबे नाही खाल्ले तर चालेल, फळांकडे जाणारी साखर त्या उरलेल्या अरुंद वाटेने मुळांकडे जाऊ द्या. बुंध्याभोवती हराळी वाढली असेल तर हाताने काढा, ग्लायफोसेट अजिबात मारू नका, ते औषध पानावर पडलं की साखरेबरोबर रसवाहिनीतूनच मुळांपर्यंत जातं, म्हणूनच तर हराळी मुळासकट मरते, आणि फुटव्यांवर उडालं तर तुमच्या आंब्याची मुळं तशीच मरतील. झोक्याचं म्हणाल तर दोर एक-दोन दिवस फांदीवर असतो, काढून घेतला की काही होत नाही, खाली गोणपाट घातलं तर सालही सोलली जात नाही, पण पुढची दोन वर्षं या झाडाला झोका नको, वाळकी फांदी कधी मोडेल सांगता येत नाही आणि पोरी बसतात त्यावर.

दिरांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि म्हणावं दोन पावसाळे थांबा. अर्धी साल जुळलेली आहे, खाली फुटवे आहेत, म्हणजे मुळं जिवंत आहेत, असं झाड तोडायचं नसतं.

आता केळीचं. हा प्रश्न मला फार आवडला कारण उत्तर आंब्याच्या अगदी उलट आहे. केळीला आपण खोड म्हणतो ते खोडच नाही, पानांचे देठ एकात एक गुंडाळून उभा राहिलेला खांब आहे, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. तिला सालही नाही आणि दरवर्षी लाकूड-साल वाढवणारा थरही नाही, म्हणून ती आंब्यासारखी वर्षानुवर्षं जाड होत जात नाही आणि पट्टी काचत नाही. रसवाहिन्या बाहेरच्या एका थरात नसून प्रत्येक देठात दोऱ्यांसारख्या विखुरलेल्या असतात, जलवाहिन्यांच्या सोबतीने, बाहेरून आवळलं तरी आतल्या चालूच राहतात. शिवाय घड कापला की ते झाड संपलंच, चार वर्षं तार बसायला वेळ कुठे. पण केळीतही अन्नाचा हिशोब तोच आहे, घड भरायला पानं लागतात, करपा येऊन पानं गेली की फण्या भरत नाहीत, बारीक राहतात. पिल्लं जास्त ठेवली की तीही कंदातून आईचं अन्न ओढतात, म्हणून माहेरी वेळेवर पिल्लं कापतात आणि शेवटची फणी निघाल्यावर केळफूल मोडतात. घड काढल्यावर खोड लगेच जमिनीलगत कापायचं नाही असं जुने लोक सांगतात त्यातही अर्थ आहे, उरलेलं अन्न-पाणी कंदातून खोडव्याच्या पिल्लाला मिळत राहतं.

राहिला कपाशीचा चिकटा. तो मावा बनवत नाही, ती तुमच्या कपाशीचीच साखर आहे. मावा पानामागे बसून केसाहून बारीक सोंड घालतो आणि पेशींच्या मधून वाट काढत बरोबर रसवाहिनीत पोचतो. आणि मघाशी सांगितलेला तो दाब आठवा, माव्याला ओढायची फारशी गरजच पडत नाही, रस आपसूक त्याच्या पोटात शिरतो. १९५३ मधे केनेडी आणि मिटलर यांनी हे वापरून फार सुंदर प्रयोग केला, रस पीत असलेल्या माव्याला गुंगी देऊन त्याचं अंग कापलं आणि सोंड झाडातच राहू दिली, तर त्या तुटक्या सोंडेतून रस कितीतरी वेळ थेंबाथेंबाने येत राहिला. रसवाहिनीतला शुद्ध रस मिळवायची एवढी चांगली रीत माणसाला स्वतः कधी सुचली नव्हती, कारण आपण सुईने टोचलं की झाड भोक बुजवून टाकतं आणि माव्याच्या लाळेला मात्र ते बुजणं रोखता येतं.

त्या रसात साखर खूप पण अंग वाढवायला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं थोडी, म्हणून माव्याला भरपूर रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो मागून टाकून देतो. तीच पानावर पडून चिकट होते, तिच्यासाठी मुंगळे येतात आणि माव्याला राखतात, आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. बुरशी पानाच्या आत जात नाही पण ऊन अडवते, म्हणजे पान साखर कमी बनवतं आणि जी बनवतं त्यातली मावा पितो, कपाशीला दोन्हीकडून मार.

लगेच जहाल औषधाकडे जाऊ नका. पानामागे ढालकिडे, त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची अंडी दिसतात का बघा, ते असतील तर मावा तेच खातात आणि आपल्या फवारणीत आधी तेच मरतात. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळच्या वेळी पानाच्या खालून बसेल असा फवारा, युरिया आवरता घ्या, कारण नत्र जास्त झालं की रसातली नत्रयुक्त द्रव्यं वाढतात आणि मावा फार झपाट्याने वाढतो. जोरदार पाऊस आला तर बराचसा धुऊनही जाईल. एवढं करून आठ-दहा दिवसांत आटोक्यात आला नाही तर चार-पाच पानं पिशवीत घालून कृषी सहायकांना किंवा जळगावजवळच्या ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि ते सांगतील तेच आणि तेवढंच मारा. बोंडं उमलायच्या वेळी मात्र जास्त लक्ष ठेवा, तेव्हा मावा किंवा पांढरी माशी राहिली तर हीच साखर रुईवर पडते, कापूस चिकट होतो आणि सूतगिरणीत यंत्राला चिकटतो म्हणून व्यापारी भाव पाडतात. अशा झाडांची वेचणी वेगळी ठेवा, चांगल्या कापसात मिसळू नका.